निळ्या झाकणाचा डबा

पहिल्या गुरुवारी मी कुणाकडे बघितलंच नाही.
हातात सुई, खिडकीबाहेर स्वान्सीचा उपसागर,
ओहोटीनं उघडा पडलेला मैलभर चिखल.
शेजारच्या खुर्चीतून एक डबा पुढे आला,
निळ्या झाकणाचा,
आत गोठवलेल्या अननसाचे तुकडे.
"चोख. तोंड सोलवटत नाही.
आणि घरी स्टीलचा चमचा नको,
सगळ्याला नाण्यांची चव येईल."

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं खरंच होतं,
पण चमच्याचं खरं त्यांच्यापाशी नव्हतं.

ग्लेनिस. सव्वीस वर्षं बस चालवलेली,
आता टकलावर नातवाची रग्बीची टोपी.
पलीकडे फिरदौसभाई, मूळचे सिल्हेटचे,
पांढऱ्या पेशींचा आकडा धावफलकासारखा सांगायचे:
"आज शून्य पॉइंट आठ. पावसामुळे खेळ थांबला."
हसताना नळ्या हलायच्या, मशीन पिपाणी वाजवायचं,
आणि नर्स तिघांवर ओरडायची
मागच्या बाकावरच्या पोरांवर ओरडावं तशी.

घरी धीर मीच द्यायचे.
नवरा भाजी चिरता चिरता थांबायचा,
मी म्हणायचे, कांदा आहे ना तो, डोळे धू.
पाटावर दुधी असायचा.
कराडहून दादाचा फोन: गव्हांकुराचा रस घे,
चांगले विचार कर,
तू तर आमची वाघीण.

वाघीण रात्री तीनला न्हाणीघरात,
फरशी गार लागते म्हणून तिला गाल लावून.
स्टेरॉइडनं झोप पळालेली.
मग ग्लेनिसला एकच शब्द पाठवायचा: जागी?
उत्तर यायचं: डेपोतच आहे.
त्यापुढे काही नाही.
उपदेश नाही, देव नाही.
खाडीच्या त्या अंगाला आणखी एक दिवा चालू आहे
एवढं कळलं की
फरशी पुन्हा नुसती फरशी व्हायची.

एकदा आभार मानायला गेले.
आमच्यात घरच्या माणसाला थँक्यू म्हटलं
तर ते परकं केल्यासारखं होतं,
म्हणून शब्द चाचपत राहिले.
ती म्हणाली, "राहू दे.
या गावात उतरताना जो तो ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो.
दिवसाला चारशे, सव्वीस वर्षं.
माझ्याकडे भरपूर साठा आहे.
तू दारातून जरा आत सरक,
मागे लोक उभे आहेत."

दहाव्या गुरुवारी तिनंच सांगितलं
की उपचार थांबवतेय.
मार्ग बदलल्याची पाटी लावावी तितक्या सपाट आवाजात.
बहिणीकडे राहायला जाणार होती, कार्मार्थनला.
फिरदौसभाईंनी त्या दिवशी धावा सांगितल्या नाहीत.
डबा माझ्याकडेच राहिला.

कुणाचं भांडं रिकामं परत करू नये,
चिमूटभर साखर तरी घालावी,
हे आईनं सांगितलेलं हातांत मुरलेलं.
मी रव्याचे लाडू केले. गोड झालेत का,
हे नवऱ्याला विचारावं लागलं.
फेब्रुवारीत गेले तिच्याकडे.
तिनं कणभर जिभेवर ठेवला, डोळे मिटले,
आणि म्हणाली, "दोन पेन्सचं नाणं. फार तर पाच."
आम्ही दोघी इतक्या हसलो
की बहीण धावत आली, काय झालं म्हणून.

निघताना तिनं लाडू ताटलीत काढले,
डबा विसळला, पुसला, माझ्या हातात दिला.
रिकामा.
"तिकडे लागेल," म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तो मांडीवर होता.
अजून थोडा ओलसर, झाकणाच्या खाचेत.
बाजारापाशी उतरले, अननस घ्यायचा होता.
उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हटलं,
आणि दार मिटेपर्यंत वेळ होता
म्हणून आणखी एकदा.