दोन प्लॉट

मिरजेत मगदूम बाईंनी पडदा आमच्याकडं वळवला,
पेनाच्या टोकानं दाखवलं :
कडेकडेनं मणी धरलेत,
पण एकही फुगत नाही.
आप्पा दारातूनच म्हणाले, शॉटबेरी.
बाई हसल्या. आई हसली नाही.

मला साखरेची गोळी दिली, साखर नसताना.
जेवणानंतर, असं दोनदा लिहून.
चुलत बहिणीला, संयोगिताला, वेगळी :
एकवीस दिवस घ्यायची, सात दिवस थांबायची.
पाकिटावर हसरं जोडपं.
काकीनं जोडपं बंबात घातलं
आणि गोळ्या शेवयांच्या डब्यात.
अजून स्थळ बघायचंय पोरीला,
पाळणा लांबवायची गोळी घरात सापडली
तर कुणाकुणाला समजावत बसायचं?

दिवाळीपर्यंत तासगाव–सांगली एसटीत
मी खिडकी सोडली नाही.
भाताला, चहाला, सगळ्यालाच
नाणं चाटल्याची चव.
एकदा तर कवलापूरलाच उतरले
आणि कुणाच्या तरी घरी, ओळख नसताना,
संडास मागितला.

संयोगिताची तारीख मात्र सरकारी पगारासारखी.
हनुवटी साफ होत चाललेली.
फक्त डोकं दुखायचं,
आणि सिमेंटच्या जाहिरातीलाही रडू यायचं.
रात्री मेसेज : तुझी आली?
मी : नाही. तुझं सिमेंट?

आप्पा काही विचारायचे नाहीत.
घड काढायला जीए दहा पीपीएम,
हात न थरथरता मोजणारा माणूस,
पण बाईंच्या तोंडून 'हार्मोन' ऐकलं तेव्हा
टोपी काढून मांडीवर धरून बसलेले.

त्यांची फवारणीची वही
मी चार्जर शोधताना उघडली.
मागच्या पानावर पट्टीनं आखलेले दोन रकाने.
प्लॉट १. प्लॉट २.
नावं नाहीत.
'१ : मळमळ. भाकरी अर्धी. ढगाळ.'
'२ : चेहरा बरा. बोलत नाही.'
'१ : वजन दीड किलो कमी. चिडचिड आहे तेवढीच.'
आणि तळाला, खाली रेघ ओढून :
'औषध बंद केल्यावर काय? बाईंना विचारणे.'

विचारलंही त्यांनी, पुढच्या खेपेला,
दोन्हींत सरस कुठली म्हणून.
बाई म्हणाल्या, ते पोरींना काय हवंय त्यावर.
आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो.
हे आधी कुणी विचारलंच नव्हतं,
त्यामुळं उत्तर तयार नव्हतं.

जानेवारीत पाहुणे येणार होते.
काकीनं डबाच रिकामा केला.
फेब्रुवारीअखेर संयोगितानं फोटो पाठवला,
हनुवटीवर दोन काळे केस,
खाली लिहिलेलं : आले पाहुणे.

माझी मार्चमध्ये आली.
बेदाण्याच्या शेडवर, जाळीवर द्राक्षं पसरताना,
ऊन डोक्यावर, हात डिपिंग ऑइलनं बुळबुळीत.
सांगितलं नाही कुणाला.
संध्याकाळी वही काढून
पहिल्या रकान्यात तारीख तेवढी टाकली.

सकाळी तिच्याखाली आप्पांच्या अक्षरात :
डोस तोच ठेवणे.
आणि दुसऱ्या रकान्यात :
काकीशी बोलणे. मी.