बोगदान दिघे, दांडिया बाजार

माझ्या नावाला पहिल्यांदा हसले
ते पाचवीचे हजेरी घेणारे मास्तर.
"बोगदान? म्हणजे बोगद्यात केलेलं दान?"
वर्गानं बाक बडवले.
मीही हसलो, जरा उशिरा.

बाबा कोयलीला रिफायनरीत ड्राफ्ट्समन.
नकाशे रशियन, त्यातली काही अक्षरं
आरशात पाहिल्यासारखी.
शेजारच्या टेबलाला पावेल सेम्योनोविच,
वेल्डिंगचा तज्ज्ञ,
आमच्याकडची सेव-उसळ खाऊन तो रडला
आणि डोळे पुसत आणखी एक वाटी मागितली.
त्यानं विचारलं, लग्नाला किती वर्षं?
अकरा.
आणि मूल?
बाबांनी पेन्सिलीला टोक काढलं.

मी झालो तेव्हा नाव त्यानंच सुचवलं.
बोग म्हणजे देव, दान म्हणजे दिलेला.
फार वाट पाहायला लावतो,
त्याला आमच्याकडे हे ठेवतात.
आई म्हणाली, मग सरळ दत्ता ठेवा की.
बाबा म्हणाले, दत्ता गल्लीत चार आहेत.

बारशाला आत्या आली नवसारीहून.
तिच्या जिभेला ते वळेना.
पाळण्यावर वाकली, कुर्रर्र केलं,
आणि कानात जे सांगितलं
ते नंतर कुणालाच सांगितलं नाही.
"मला सुचलं ते सांगितलं," एवढंच म्हणाली
आणि घुगऱ्या वाटायला घेतल्या.

मग हे नाव बडोद्यात राहायला लागलं.
भाजीवाल्या चंपाबेनच्या तोंडी भोगीलाल,
गॅसच्या वहीत बागबान,
मैदानावर बोग्या,
लग्नपत्रिकेत चि. बाळासाहेब;
तो निर्णय सासऱ्यांनी परस्पर घेतला.
रेशनकार्डावर कारकुनानं लिहिलं, भगवान.
दुरुस्तीचा अर्ज मी तीन वेळा केला.

निवृत्त झालो. वाचनालयात एक जाडा कोश आहे,
शब्दांची मुळं सांगणारा.
त्यात सापडलं, त्यांचा बोग आणि आपला भग
बहुधा एकाच घरातले.
भग म्हणजे वाटून देणारा,
ज्याच्या हातून आपला वाटा येतो.
ज्याच्यापाशी भग, तो भगवान.
म्हणजे एवढ्या सगळ्यांत
नाव जवळपास बरोबर लिहिलं
ते साखर मोजणाऱ्या त्या माणसानं.
अर्ज मागे घ्यायला हवा होता.
पण ती कचेरी आता तिथं नाही.

त्याच पानावर, खाली बारीक टाइपात:
पूर्वी उंबऱ्यावर सापडलेल्या पोरांनाही
हेच नाव देत.
ज्याचं कुणी नाही, तो देवानं दिलेला.

घरी आलो. आई एकोणनव्वदची,
तांदळजा निवडत बसलेली.
म्हटलं, आई, मी सयाजी हॉस्पिटलातच झालो ना?
म्हणाली, कोवळे देठ टाकू नकोस.
पुन्हा विचारलं.
"अकरा वर्षं कुणी मोजली? मीच ना?"
आणि अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.
मी देठ निवडले. चांगले होते.

कोशात आणखीही एक होतं.
देवळातलं नाव लोक लपवून ठेवत,
बाहेर वापरायला बोगदान,
म्हणजे पोराला शोधत येणारं जे काही असेल
त्याला चुकीचा पत्ता मिळेल.
आपल्याकडे दगडू, केरू, धोंडू ठेवतात तसं.

आत्या जाऊन वीस वर्षं झाली.
खरं नाव मी ऐकलंय,
बारा दिवसांचा असताना, एकदाच,
बहुतेक उजव्या कानात.

त्या कानाला आता कमी ऐकू येतं.
काल रावपुऱ्यात डॉक्टरकडे बसलो होतो.
आतून बाईनं पुकारलं, "भगवानभाई!"
इकडेतिकडे पाहिलं. कुणी हललं नाही.
उठलो.