पांझरेचं पाणी, नमुना सतरा

सुपडूभाऊ कॅन आणतात, गळ्याला सुतळी बांधलेला.
मोठ्या पुलाखाली जिथं गावाचं गटार
पांझरेत उतरतं, तिथलं पाणी.
वासामुळे रिक्षावाला घेत नाही,
मग सायकलवर येतात, बेचाळीस डिग्रीत,
आणि दारातच उभे राहून विचारतात,
"बाई, ह्या गटारना पानीमा काय शे?"

काय सांगू.
जंतूंना खाणारे जंतू, म्हटलं.
फाज म्हणतात. सहा कोनांचं डोकं, खाली काडीसारखे पाय,
ज्वारीत पाखरं हाकायला मचाण बांधतात ना, तसं.
फक्त इतकं लहान, की तुमच्या एका थेंबात
अख्ख्या धुळ्याहून दाट वस्ती.
"जित्तं शे का ते?"
ह्याचं उत्तर मला एम.एस्सी.लाही आलं नव्हतं.

बशीत जीवाणूंची साय धरली,
तिच्यावर ते पाणी, गाळून, एक टिपका.
सकाळी बघते तर धिरड्याला पडतात तशी
गोल, स्वच्छ भोकं.
सतराव्या नमुन्याची सगळ्यात मोठी.

इथवर सरळ होतं.
मग फालक सरांनी दुसऱ्या पेशी काढल्या:
गालाच्या गाठीच्या, कुठल्याशा बाईच्या.
बाई केव्हाच गेली. पेशी वाढताहेत
सदतीस डिग्रीत, आमच्याहून थंडाव्यात,
इन्व्हर्टरवर, कारण दुपारी लाइट जाते.

बशी पेशींनी भरली की टोकानं
मधोमध भांग पाडायचा.
दोन्हीकडून त्या सरकत येतात, भांग बुजवतात.
गाठ हातपाय पसरते ती ह्याच चालीनं.
एका बशीत नुसतं मिठाचं पाणी,
दुसरीत नमुना सतरा.

आता हा फाज माणसाच्या पेशीला ओळखत नाही.
तिच्या कुलपाची किल्ली त्याच्याकडे नाही,
चुकून आत गेलाच तर तिथं त्याला पोरं होत नाहीत.
तरी चोवीस तासांनी
मिठाच्या पाण्यातला भांग बुजलेला
आणि सतराचा तसाच, रुंद,
शाळेच्या पोरीच्या दोन वेण्यांमधला.

समजा रात्री कुणी परका
चुकीच्या गल्लीत शिरून आपल्या दारावर थाप मारतो.
दार कुणी उघडत नाही.
पण आतली माणसं बोलायची थांबतात,
टीव्हीचा आवाज कमी होतो,
पिशवी भरून गावाला निघालेला
पिशवी खाली ठेवतो.
पेशी तशी थबकली असेल?
की थाप पडलीच नाही, आणि फुटलेल्या जीवाणूंचा
उरलासुरला मळच तिला बाधला?

सुपडूभाऊंना मी हे सांगायला नको होतं.
ते कॅन धूत होते. हात थांबला.
म्हणाले, गोजर सोमवारी नाशिकला असते.
गाल. मिसरी लावायची.
आता मानेत उतरलंय म्हणे.
मग बराच वेळ नळच वाहत राहिला.
मागितलं काही नाही त्यांनी.
मागितलं असतं तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं:
बशी म्हणजे बाई नव्हे, भाऊ.

दुसऱ्यांदा केलं, भांग राहिला.
तिसऱ्यांदा बुजला, दोन्ही बशांत, सारखाच.
सर म्हणाले, झालं तसं लिहा,
आणि तो "उपाय" शब्द खोडा.
मी खोडला. खाली वाचता येतोय अजून.

चौथ्यासाठी ताजं पाणी लागणार
हे मी बोलले नव्हते.
सकाळी सातला दारात दोन कॅन,
सुतळ्या ओल्या, झाकणांवर पेननं आकडे,
अठराचा आठ उलटा काढलेला.
"एक तठलंच, एक पल्याडनं.
कोनतं कामे येई, काय म्हाईत."

सायकलची चेन पडली होती, ती ते बसवत होते.
मी दोन्ही कॅन आत घेतले.