परिशिष्टासह

मनामाच्या वाचनालयात, असरच्या बांगेनंतर
इस्माईल परकार आला. वेल्डर. गाव साखरतर.
"बातमी नको," म्हणाला, "सारांशही नको.
दोन सरकारांनी सही केली ना,
तो कागद अख्खा दाखवा."

सूचीत वर्ष चुकत होतं :
सहीचं एक, अंमलाचं दुसरं,
आणि छापला गेला त्याहून उशिरा, भलत्याच खंडात.
शिडीवर चढून काढला. वर पिठासारखी वाळू.

अरबी उजवीकडून येते, इंग्रजी डावीकडून,
दोन्ही मजकूर सारखेच अधिकृत.
मधल्या शिवणीवर बोट ठेवून
मी मराठीत सांगत गेलो, हळू आवाजात.

कलम नऊ, मजुरी. कलम अकरा, परतीचं भाडं.
तो मान डोलवत होता.
मग तळटीप, मुंगीएवढी :
एका पक्षाने कलम अकरा राखून ठेवले आहे.

"राखून म्हणजे? आमच्यासाठी?"

एसी घरघरत राहिला.
झेरॉक्स दोनदा काढली,
पहिलीत तळटीप कापली गेली होती.
त्याने घडी घातली नाही,
शर्टाच्या आत सपाट सरकवून
उन्हात गेला.

परिशिष्ट ब अजून सापडलेलं नाही.
त्याचा नंबर सूचीच्या कार्डामागे लिहून ठेवलाय.