पाणी मुरतं कुठे

हेडलीने पहिली मोटार खोलली मार्चमध्ये,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्या ब्रेडच्या सुरीने.
तळ्यात गळ टाकणाऱ्यांच्या होडीची ती मोटार,
गॅन्डरच्या जुन्या बाजारात चाळीस डॉलरला मिळालेली.
"पोटात हवा आहे हिच्या. खोल गेली की पाणी शिरणार.
तेल भरलं तर शिरायला जागा कुठे?"
गुरांच्या डॉक्टरकडून त्याने चार लिटर तेल आणलं,
घोड्याचं पोट साफ करायचं, बिनवासाचं,
आणि माझी शेकायची रबरी पिशवी मोटारीला जोडून दिली:
बाहेरून समुद्र जेवढं दाबेल
आतून तेल तेवढंच उलट दाबेल.
भांडण बरोबरीचं असलं की कुणी फुटत नाही, म्हणाला.
मला आमचे आईबाप आठवले. बोलले नाही.

न्यूफाउंडलंडला कॉड बंद झाला तेव्हा
तो बेचाळीसचा होता, मी कारखान्यात मासे कापत होते.
दोघांचंही काम एकाच आठवड्यात गेलं.
आता सत्तरी उलटल्यावर लोक विचारतात, हे काय आरंभलंस?
"अठ्ठावीस वर्षं ज्याच्या घरचं खाल्लं
त्याचं घर एकदा आतून बघू नये?"

पाणबुडी हा शब्द तो वापरत नाही. टाकी म्हणतो.
ती होतीच टाकी, शाळेच्या प्रोपेनची.
दिव्यांची परीक्षा आग विझवायच्या जुन्या नळकांड्यात:
दिवा आत, पाणी आत, झाकण घट्ट,
आणि हातपंप मी मारायचा.
सहा दिवे गेले. प्रत्येक वेळी
लांब कुठेतरी कुणी अक्रोड फोडावा तसा आवाज.
सातवा टिकला, पारदर्शक राळेत ओतून गोठवलेला,
फसलेल्या माशीसारखा.
वहीत मी लिहिलं: दिवा, अकरा डॉलर, सहा मेलेले धरून.
खिडकी मात्र नवी घेतली, हॅलिफॅक्सहून, तीन बोटं जाड.
त्या पानावर मी दुसरं पान चिकटवलं आहे.

हवेचं काम माझ्याकडे आलं.
पावाचा डबा, चुन्याचे खडे, संगणकातला पंखा,
आणि माझे दोन नायलॉनचे मोजे, चुरा उडू नये म्हणून.
जूनमध्ये तो शेडमध्येच टाकीत बसला,
झाकण लावून, नव्वद मिनिटं.
मी बाहेर मीटरपाशी, डोळ्यात तेल घालून
(तेल एवीतेवी घरभर होतंच).
शुद्धीवर आहे हे मला कळावं म्हणून
तो आतून विकल्या गेलेल्या होड्यांची नावं म्हणत होता.
इतक्या असतील
असं मला वाटलं नव्हतं.

शेवटचा हिमनग टोकामागे गेला त्या सकाळी
आम्ही टाकी पाण्यात सोडली.
दोर माझ्या हातात, दोराला टेलिफोनची तार.
पाच मीटर. नऊ. चौदा.
"आत पाणी आहे," हेडली म्हणाला.
मी ओढायलाच लागले.
"थांब गं. बुडाशी आहे, चमचाभर.
कुठून मुरतंय ते बघू दे."
पंख्याची घरघर, त्याचा श्वास,
मग एक आवाज जो मी लहानपणापासून ओळखते:
बशीतला चहा कढत आहे का ते
जिभेच्या टोकाने बघताना तो करतो तो.

"अळणी आहे."

अळणी. म्हणजे समुद्र नव्हे.
गार पोलादावर त्याचाच उच्छ्वास साचून
ओघळत ओघळत तळाशी आला होता.
"खारट नाही गं," तो पुन्हा म्हणाला, "मीच आहे."

आणखी अकरा मिनिटं तो खाली राहिला.
वर आल्यावर विचारलं, काय दिसलं?
गढूळ, म्हणाला. आणि एक रबरी बूट,
बहुतेक आपल्याच कुणाचा.
वहीत त्या दिवशी मांडायला खर्च नव्हता.
मोजे तेवढे धुवून वाळत घातले.