रात्रपाळी, कोगे फीडर

या आठवड्यात शेतीची लाईट रात्री साडेबाराला.
म्हणजे मोटारी रात्री, पाणी रात्री,
आणि फ्यूज गेला की मीही रात्रीच:
पट्टा, पक्कड, टॉर्च, खिशात मूठभर शेंगा.

सतरा वर्षं या शिवारात खांब चढतोय,
तेवढ्यात एक कळलं –
उसात घुबड राहत नाही.
उंदीर सगळे उसातच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक;
पाचटाखाली रात्रभर त्यांची कुरकुर चालते.
पण पातं पात्याला घासणाऱ्या त्या दाटीत
पंख उघडायचा कुठं?
दुकान गच्च भरलेलं, दार बंद.
म्हणून ते कडेला बसतं.
पाणंदीच्या वळणावर, भोगावतीच्या मळीला,
नाहीतर केरबा चौगल्याच्या भुईमुगाजवळ –
ऊस नसलेला आख्ख्या शिवारातला तो एकच तुकडा.
लोक केरबाला खुळा म्हणतात.

पिंगळ्यांची जोडी चिंचेच्या ढोलीत होती.
दोन भावांच्या बांधावरची चिंच.
मोजणी आली, बांध सरळ झाला,
जेसीबीनं जेवणाच्या सुट्टीआधी चिंच उपटली.
त्या रात्री दोघं माझ्या डीपीवर बसलेली,
माना खालीवर करत,
जणू मीच त्यांना हद्द दाखवून देणार होतो.
पुढच्या आठवड्यात तिथंही नव्हती.

खाड्यांचं गुऱ्हाळ बंद पडून नऊ वर्षं झाली.
चुलवाण खचलं, काहील भंगारात गेली.
माळ्यावर मात्र गव्हाणी घुबडाचं बिऱ्हाड,
मधोमध कापलेल्या सफरचंदासारखं तोंड.
खाली इंदुबाईंनी शेणी रचल्यात.
मी विचारलं, भ्या वाटत न्हाई? लोक अपशकुनी म्हणत्यात.
"व्हय," त्या म्हणाल्या,
"उंदराला अपशकुनीच हाय की ते."
शेणींवर पडलेली त्याची एक गोळी
त्यांनी काडीनं उकलून दाखवली:
राखाडी केस, सुईएवढी हाडं,
आणि चार कवट्या, दातांसकट.
पलीकडच्या मळ्यात कणकेच्या गोळ्यांत औषध ठेवतात.
तिथल्या मोटारीच्या खोपीमागं गेल्या साली
एक पांढरं पीस किती दिवस
बोरीच्या काट्याला अडकून हलत होतं.

मागच्या अमावास्येला केरबाचा फोन.
"वायरमन, माझ्या भुईमुगात एक खांब रोवतोस काय?"
लाईन न्यायची हाय?
"तार नको रं. नुसता खांब."
कशाला ते त्यानं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
वाकून बाद झालेला एक खांब होता,
दोघांनी मिळून उभा केला, आडवी पट्टी मारली.

आता कोल्हापूरच्या ऑफिसात मला पडलेला प्रश्न:
रजिस्टरला हा खांब लिहायचा कसा?
पुरवठा – नाही.
ग्राहक – माहीत नाही.
भार – असलाच तर पावशेर.

अजून तिथं कुणी बसलेलं पाहिलं नाही.
टोळ्या आल्यात, खालचा ऊस तुटतोय,
रान रोज थोडं थोडं उघडं पडतंय.
केरबा म्हणतो, बुडाला पांढरे शिंतोडे दिसले.
चुना असंल, मी म्हणतो.
आणि फ्यूज बसवून झाला की
वाट वाकडी करून, टॉर्च बंद करून,
शेंगा न फोडता
थोडा वेळ उभा राहतो.