उलथलेला दगड परत ठेवताना

ह्यू टाऊनच्या धक्क्यावर डेन्झिल यादीत माझं नाव लिहितो
आणि दर बुधवारी विचारतो, अर्थ काय रे ह्याचा, कोळी?
दर बुधवारी मी सांगतो, मासे मारणारे.
मग आपण भाऊबंदच, म्हणतो तो, आणि इंजिन सुरू करतो.

माझ्या मांडीवर औषधांची पेटी.
समोर लॅव्हिनिया पेंडर, सत्तरी उलटलेली,
गुडघ्यांना सायकलच्या ट्यूबने बांधलेली फोमची गादी.
ती एक कोळी मोजायला निघालीय.
जगात दोनच बेटांवर आहे म्हणाली, इथल्या दोन, ती बघ,
आपल्या एका ओसरीएवढी.
तिसऱ्यावर का नाही?
ते त्याला विचारायला हवं.

बोट परतायला दोन तास होते, म्हणून मीही वाकलो.
दगड स्वतःकडे उचलायचा. दहा अंक मोजायचे.
ठेवताना ओली बाजू खाली, वाळकी वर,
जसा होता तसा, त्याचं घर आहे ते.
एकेचाळिसाव्या दगडाखाली निघाला,
साबुदाण्याएवढा, राखी, पाठीवर पुसट रेघ.
पळाला नाही.
आणि जाळं? मी विचारलं.
हा विणत नाही, ती म्हणाली. बसून राहतो नुसता.

रेवदंड्याला माझ्या बापसाने डोलीचं जाळं
भंगारवाल्याला किलोवर घातलं, त्या वर्षी
मी दहावीला होतो. वजन करताना तो म्हणाला,
ओलं आहे, दोन किलो कमी धर.
नंतर संध्याकाळी दारात बसून
त्याची बोटं रिकाम्या हवेत गाठी मारायची.
आम्ही कुणी तिकडे बघायचो नाही.

मी लॅव्हिनियाला सांगितलं, आमच्या भाषेत
ह्याचं आणि माझं नाव एकच आहे.
तिने चष्मा काढला. एकच शब्द?
एकच.
आधी कोण? म्हणजे, कुणावरून कुणाला पडलं?
मला ठाऊक नव्हतं. घरी कधी कुणी विचारलं नव्हतं.
ती वहीत लिहीत होती: मादी, एक, दगड वीतभर,
आणि शेऱ्याच्या रकान्यात, का कोण जाणे, माझं आडनाव.

उधाणाचे दिवस. पाणी गोट्यांतून खळखळत वर येत होतं.
दर दहा-बारा वर्षांनी दगडांची एक ओळ जाते, ती म्हणाली,
तो एक ओळ वर सरकतो.
वर अजून किती ओळी आहेत?
तिने मान वर करून मोजल्या,
मग बोट दाखवलं, तिथून पुढे गवत.

डेन्झिलने भोंगा दिला.
मी दगड हलकेच टेकवला, ओली बाजू खाली.
होता तसाच ठेवला असं मी तिला म्हणालो.
थोडा कललाय बहुतेक,
माझ्या बाजूला.